पाठमोरी उभी राहण्याची कारकीर्द – किमसूजा

कापूसकोंड्या
इथे दृश्यकलेवर धागे निघतच नाहीत, आणि निघालेच तर 'केवढ्याला विकलं' यावर संपतात. म्हणून हा मुद्दाम.

किमसूजा ही कोरियन कलाकार. जन्म १९५७, देगू शहरातला. सोलच्या होंगिक विद्यापीठात चित्रकला शिकली, मग पॅरिसला जाऊन लिथोग्राफी, म्हणजे शिळाछाप. आज तिचं नाव घेतात ते मात्र व्हिडिओसाठी. 'अ नीडल वूमन' (१९९९ ते २००१) हे तिचं सगळ्यात गाजलेलं काम. टोकियो, शांघाय, दिल्ली, न्यूयॉर्क, मेक्सिको सिटी, कैरो, लागोस आणि लंडन अशी आठ शहरं. प्रत्येक ठिकाणी भर रस्त्यात ती कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी. साधे गडद कपडे, लांब केस बांधलेले. हलत नाही, बोलत नाही, आवाजही नाही. साडेसहा मिनिटं हेच.

मी हे पाहिलं तेव्हा आधी चिडलो, मग बराच वेळ पाहत राहिलो. माझं मत असं की ही बाई चाळीस वर्षं एकच काम करतेय आणि त्यातच तिची ताकद आहे. तुम्हाला काय वाटतं? की नुसतं उभं राहण्याचे पैसे मिळतात म्हणून आपण जळतोय?

तिरकस
सातवी ते दहावी मी वर्गाबाहेर पाठमोरा उभा असायचो. मला कुणी बिनालेला (दर दोन वर्षांनी भरतं ते मोठं कलाप्रदर्शन) बोलावलं नाही.

चिंगी
@तिरकस, तुमचं चित्रीकरण झालं नाही, तिथे मार खाल्लात. :D

हाडाचा_शिक्षक
कापूसकोंड्या, उभं राहण्यापासून सुरुवात केलीत तर ते विचित्रच वाटणार. मागून येऊ.

वडील सैन्यात. त्यामुळे घर सतत हलायचं, काही वर्षं तर दोन्ही कोरियांच्या सीमेजवळच्या गावांत गेली. म्हणजे सामान बांधणं-सोडणं लहानपणापासून पाहिलेलं. १९८३ मध्ये आईबरोबर पलंगपोस शिवत बसली असताना सुई कापडात शिरण्याच्या त्या क्षणाने तिला असं काही धरलं की कॅनव्हास सुटला तो सुटलाच. पुढची काही वर्षं तिने जुनी कापडं जोडून शिवलेली चित्रं केली. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या पीएस-वन या कलाकेंद्रात राहून काम करायची संधी मिळाली, तिथे तिची गाठोडी आली. कोरियात 'बोत्तारी' म्हणतात. भडक रंगाच्या, भरतकाम केलेल्या पलंगपोसात जुने कपडे बांधायचे आणि जमिनीवर ठेवायचे, बस.

१९९७ मध्ये तिने अशी गाठोडी ट्रकवर रचली, वर स्वतः बसली आणि ज्या ज्या गावांत आपण राहिलो तिथून अकरा दिवस कोरियाभर फिरली. २७२७ किलोमीटर. तो व्हिडिओ पाहा. ती तिथेही पाठमोरीच आहे. रस्त्यात उभी राहणारी बाई नंतरची, गाठोड्यावर बसलेली आधीची. शिवणकामातली सुई म्हणजे आता तिचं शरीर, आणि माणसांची गर्दी म्हणजे कापड. हा दुवा लक्षात घेतला नाही तर तिरकससारखा विनोदच सुचतो.

तिरकस
सर, बाहेर जाऊन उभा राहतो.

चिंगी
मी हे आठ पडद्यांवर एकाच खोलीत लावलेलं पाहिलंय, आणि मोबाइलवर पाहण्यात नि त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण मध्ये असतो आणि आठही बाजूंना तिची पाठ. थोड्या वेळाने तिच्याकडे बघणं आपोआप बंद होतं. बघण्यासारखे असतात ते समोरून येणारे लोक. टोकियोत कुणी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही, गर्दी दोन्ही बाजूंनी वाहत जाते. दिल्ली आणि लागोसमध्ये लोक थबकतात, निरखतात. दिल्लीकरांचं ते निवांत, जराही न संकोचता रोखून बघणं पाहून मला हसू आवरेना. माझ्या शेजारचा एक परदेशी मनुष्य म्हणाला, किती अवघड वाटत असेल तिला. मी मनात म्हटलं, हे तर रोजचं आहे.

सांगायचं म्हणजे, ती न हलल्यामुळे बाकीचे लोक दिसतात.

दादरकर
दिल्लीचं कौतुक झालं, आता मुंबईचं बोलू. याच बाईंचं 'मुंबई: अ लाँड्री फील्ड' हे काम आहे, २००७-०८ चं, चार पडद्यांवरचं. काय आहे त्यात? धोबीघाट, झोपडपट्टीच्या गल्ल्या, लोकलला लटकलेले लोक. म्हणजे परदेशातून कुणीही कॅमेरा घेऊन आला की सांताक्रूझला उतरल्यापासून त्याला ज्या तीन गोष्टी दिसतात, नेमक्या त्याच.

माझं लहानपण महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून त्या घाटाकडे बघत गेलंय. पुलावर आता पर्यटकांची रांग असते. धोबी वर मान करून बघतसुद्धा नाहीत, त्यांना सवय झालीय. तिथे आणखी एक कॅमेरा आल्याने काय वेगळं झालं? कलादालनात चार मोठ्या पडद्यांवर लावलं की पर्यटन थांबतं का?

वेंधळी
@दादरकर, थोडं थांबा. ती मुंबईत येण्याआधी वीस-पंचवीस वर्षं कापडावरच काम करत होती. वापरलेले पलंगपोस, वापरलेले कपडे. जिथे अख्ख्या शहराच्या चादरी धुतल्या जातात ती जागा तिला ओढणार नाही तर कुणाला? हा गरिबी बघायला आलेल्या माणसाचा डोळा नाही.

आणि भारतात ती पहिल्यांदा आली नव्हती. २००० सालचं 'अ लाँड्री वूमन' यमुनेच्या काठावर आहे, दिल्लीतच. पाण्याकडे तोंड करून उभी. जवळच्या स्मशानातून आलेली फुलं, राख, कचरा पाण्यावरून वाहत जातो. साडेदहा मिनिटं. तिने नंतर सांगितलंय की बराच वेळ उभं राहिल्यावर नदी वाहतेय की आपण, हेच कळेनासं झालं. यात कुठे आलं पर्यटन?

दादरकर
यमुनेवर माझं काही म्हणणं नाही. ते काम जबरदस्त आहे, मी आधीच पाहिलंय. उलट त्यामुळेच माझी तक्रार जास्त ठाम होते.

बघा. यमुनेवर, टोकियोत, लागोसमध्ये ती स्वतः चौकटीत आहे. लोक तिच्याकडे बघू शकतात, हसू शकतात, धक्का देऊन जाऊ शकतात. ती आपली पाठ त्यांच्या हवाली करते. काहीतरी पणाला लागलेलं असतं. मुंबईच्या कामात मात्र ती चौकटीतून बाहेर पडली आणि कॅमेऱ्यामागे गेली. आता बघणारी ती, बघितले जाणारे आम्ही. त्या क्षणी ती चांगला डोळा असलेली पाहुणी होते, एवढंच. हात-पाय-कापड सगळं सुंदर आहे हो. पण सुंदर म्हणूनच मला खटकतं.

कापूसकोंड्या
हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. चौकटीत असणं-नसणं. याच्याशी जोडून एक आठवलं. २००५ मध्ये तिने 'नीडल वूमन' पुन्हा केलं. या वेळी पाटण (नेपाळ), जेरुसलेम, साना (येमेन), हवाना, रिओ, एन्जामेना (चाड). म्हणजे युद्ध, दारिद्र्य, फाळण्या यांनी पोळलेली शहरं, आणि दृश्यं संथ गतीत. मला पहिली मालिका जास्त आवडते. संथ गती लावली की प्रत्येक चेहऱ्यावर आपोआप करुणा चढते.

सुवॉनकर
पोटापाण्यासाठी कोरियात असतो, म्हणून माझे दोन वॉन. (विषयांतर होणार, आधीच सांगतो.)

इथल्या लोकांना 'मीडिया आर्ट' (टीव्ही, व्हिडिओ वगैरे साधनांतली कला) म्हटलं की पहिलं नाव नाम जून पाइक. माणूस १९३२ मध्ये सोलमध्ये जन्मला, घडला जर्मनीत, गाजला अमेरिकेत. १९६३ मध्ये वुपर्टालला टीव्ही संच मांडून प्रदर्शन केलं, तेव्हा टीव्ही हे कलेचं साधन होऊ शकतं असं कुणाच्या मनातही नव्हतं. त्यांच्या नावाचं कला केंद्र आमच्या जवळच योंगिनला आहे. पण खरं बघायचं असेल तर ग्वाचनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. १९८८ च्या ऑलिंपिकच्या वर्षी त्यांनी तिथे टीव्हींचा मनोरा उभा केला. १००३ संच! कारण ३ ऑक्टोबर (१०/०३) हा कोरियाचा स्थापना दिवस.

गंमत पुढे आहे. सगळे जुने पिक्चर ट्यूबवाले संच. एकेक करत जळत गेले, तापायला लागले, २०१८ मध्ये धोका नको म्हणून मनोरा बंदच केला. मग वादविवाद. सपाट पडदे लावायचे की जुनेच शोधायचे? शेवटी ७३७ जुने संच दुरुस्त करून किंवा दुसरीकडून मिळवून बसवले आणि वरच्या भागातल्या २६६ ठिकाणी एलसीडी. २०२२ मध्ये पुन्हा चालू झाला. चालतो तोही दिवसाचे मोजकेच तास.

किमसूजाच्या गाठोड्याला हा प्रश्न नाही. विजेशिवाय चालतं.

आजोबा_६८
सुवॉनकर, माझ्या आवडीच्या विषयाला हात घातलात. आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले. ईएचटी (टीव्हीतला जास्त दाबाचा ट्रान्सफॉर्मर) जळली की जो वास यायचा तो नातवंडांना सांगून कळणार नाही. लॅमिंग्टन रोडला एके काळी हवी ती ट्यूब मिळायची, आता तिथे मोबाइलची कव्हरं. ७३७ ट्यूब जिवंत करणाऱ्या त्या मेकॅनिकांची नावं पाटीवर आहेत का हो? कलाकाराइतकंच त्यांचं काम आहे.

बाकी आपणही मागे नव्हतो. १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी मुंबईत कलाकारांसाठी एक कार्यशाळा काढली होती, चित्रकारांच्या हातात कॅमेरा दिला होता. नलिनी मलानी तिथूनच चित्रफितींकडे वळल्या. ते टिकलं नाही हा भाग वेगळा.

लाटकर
काका, काकू, दादा, सगळेच विसाव्या शतकात अडकलात. :) सोलच्या कोएक्सच्या इमारतीवरची ती महाकाय लाट विसरलात? २०२०, लॉकडाउन, सगळ्यांच्या व्हॉट्सॅपवर आली होती. 'डिस्ट्रिक्ट' नावाच्या कंपनीचं काम. काचेच्या टाकीत समुद्र उसळतोय असं वाटायचं.

कापूसकोंड्या
आली होती. आणि 'सुप्रभात'च्या फुलांबरोबर गेली. तीच तर अडचण. डोळे दिपतात, पण दुसऱ्यांदा बघावंसं वाटत नाही.

लाटकर
बरं, मग अयंग किम घ्या. जन्म १९७९. २०२२ चं 'डिलिव्हरी डान्सर्स स्फिअर'. सोलमध्ये मोटरसायकलवरून डिलिव्हरी करणारी एक मुलगी, तिला ॲप हाकतंय, रस्ता संपत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या तरी शक्यतेतली स्वतःसारखीच दुसरी मुलगी तिला भेटत राहते. अर्धं खरं चित्रण, अर्धं गेम इंजिनमधलं, म्हणजे व्हिडिओ गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं. ऑस्ट्रियातल्या लिंझच्या आर्स इलेक्ट्रॉनिका या कला-तंत्रज्ञान महोत्सवाने २०२३ मध्ये तिला सर्वोच्च पुरस्कार दिला. पाऊस पडत असताना दहा मिनिटांत वडापाव मागवणाऱ्यांनी हे बघावं. मी स्वतःला धरून बोलतोय. किमसूजाची बाई शहरात थांबते, या मुलीला थांबायची परवानगी नाही. माझ्या पिढीला दुसरी जास्त कळते.

वेंधळी
लाटकर, हे मस्त जोडलंत. स्वतंत्र धागा काढा.

गोधडीवाली
सगळे पडद्यांवर बोलताय, मी कापडावर बोलते. गोधड्या शिवते, आईकडून शिकले. किमसूजाच्या गाठोड्यांचे फोटो बघितल्यावर पहिल्यांदा हात लावावासा वाटला. ते पलंगपोस कोरियात नवपरिणीत जोडप्यांसाठी असतात म्हणे, दीर्घायुष्य, सुख, मुलंबाळं यांची चिन्हं भरलेली. ती वापरून टाकून दिलेलेच घेते. गोधडीतही आजीचं लुगडं, बाबांचा सदरा असतो आणि पांघरणाऱ्याला कुठला तुकडा कुणाचा ते ठाऊक असतं. इथे तेच नाही. कोणाचं आहे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि बांधलेलं आहे, उघडता येत नाही.

म्हणून १९९५ चं तिचं ग्वांगजूचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं. ग्वांगजूमध्ये मे १९८० मध्ये लष्कराने आंदोलकांवर गोळ्या चालवल्या. पंधरा वर्षांनी तिथे पहिली बिनाले भरली, तेव्हा तिने अडीच टन जुने कपडे आणि गाठोडी डोंगरउतारावर झाडांमध्ये पसरली, मेलेल्यांच्या नावाने. बघायला आलेल्यांना त्या कपड्यांवरून चालावं लागायचं. माझं पाऊल उचललं नसतं.

हाडाचा_शिक्षक
गोधडीवाली, फार छान लिहिलंत. भर घालतो. १९९९ मध्ये व्हेनिसच्या बिनालेत तिने गाठोड्यांचा ट्रक मोठ्या आरशासमोर उभा केला आणि तो कोसोव्होच्या निर्वासितांना अर्पण केला. २००७ मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा ट्रक. पॅरिसजवळच्या वित्रीपासून साँ-बेर्नार चर्चपर्यंत. हे तेच चर्च जिथे १९९६ मध्ये कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांनी आसरा घेतला होता आणि पोलिसांनी दरवाजा फोडून त्यांना बाहेर काढलं. या वेळीही गाठोड्यांवर तीच बसलेली. म्हणजे दादरकरांच्या भाषेत 'चौकटीत'.

गुजरातमधलंही एक काम आहे, हे इथल्या लोकांना आवडेल. 'थ्रेड रूट्स' ही तिची सोळा मिलिमीटर फिल्मवरची मालिका. पहिला भाग पेरूत, दुसरा युरोपात, तिसरा भारतात, तोच हा गुजरातचा. विणणारे, भरतकाम करणारे, ठसे उमटवणारे हात, आणि मध्येच दगडी बांधकामं. निवेदन नाही, मुलाखत नाही.

दादरकर
तिथेही ती नाही ना? नाहीच. मग माझा आक्षेप तिथेही लागू. पण जरा मवाळ करून. हातांना एवढा वेळ देणारा माणूस निदान घाईत नसतो.

फिरस्ती
मी उशिरा आले धाग्यावर. २०२४ मध्ये पॅरिसच्या बूर्स द कॉमर्समध्ये तिचं काम पाहिलं ते सांगते, कारण 'चौकटीतून बाहेर पडली' या वादाचा पुढचा अंक तिथे आहे.

जुना धान्यबाजार, मग व्यापारी विनिमयाची इमारत, आता पिनो या धनाढ्य कलासंग्राहकाचं खासगी संग्रहालय. मध्ये गोल सभागृह, वर काचेचा घुमट. तिने काय केलं? अख्ख्या गोलाच्या जमिनीवर आरसे बसवले. झालं. त्या गोलात ना गाठोडं, ना ती स्वतः. आत पाऊल टाकलं की पायाखाली आकाश आणि आपण अधांतरी. पहिल्या पावलाला माझे गुडघे लटपटले. लोक आडवे पडून फोटो काढत होते, मुलं घसरगुंडी करत होती, एक आजी भिंतीला धरून उभ्या, पुढे यायला तयारच नव्हत्या.

पण घुमटाच्या खालच्या बाजूने एकोणिसाव्या शतकातलं भलं मोठं चित्र आहे. जगभरचा व्यापार, वेगवेगळे खंड, माल उतरवणारे लोक, साम्राज्याचा सगळा थाट. एरवी मान वर करून कोण बघतो? आरशामुळे ते सगळं पायाखाली आलं. आपण त्याच्यावरून चालत होतो.

वेंधळी
आरशांची सुरुवात त्याआधीची. २००६ मध्ये माद्रिदच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जमिनीवर आरसे, काचांवर प्रकाशाचे रंग फोडणारी पारदर्शक फिल्म चिकटवलेली, आणि तिच्या श्वासाचा आवाज. २०१३ मध्ये व्हेनिस बिनालेत कोरियाचं अख्खं दालनच तिने त्या फिल्मने गुंडाळलं, म्हणजे इमारतीचंच गाठोडं केलं. आत एक खोली पूर्ण काळोखाची, आवाज शोषून घेणारी. तिथे फक्त आपलाच श्वास ऐकू येतो. न्यूयॉर्कला सँडी वादळात दिवे गेले होते, त्या अंधारातून ती खोली सुचली म्हणे.

तिरकस
आमच्याकडे ही कलाकृती महावितरण दर गुरुवारी सादर करतं. प्रवेश विनामूल्य.

आजोबा_६८
तिरकसराव, आज पहिल्यांदा पोट धरून हसलो.

दादरकर
@फिरस्ती, हे मला पटलं. म्हणजे आधी ती उभी होती आणि लोक भोवती, मग ती कॅमेऱ्यामागे गेली, आणि आता जिथे ती उभी राहायची तिथे बघणाऱ्यालाच उभं केलंय. आता गुडघे आपले लटपटतात. मधला टप्पा मला कच्चा वाटतो, आणि नेमका त्यात आमचा धोबीघाट आला हे दुर्दैव. पॅरिसला तिथल्या श्रीमंतांच्या छतावरचं चित्र जमिनीवर आणता आलं. महालक्ष्मीच्या पुलावर आरसा लावला असता आणि वरून वाकून बघणाऱ्यांचे चेहरे दाखवले असते तर मी पहिला टाळ्या वाजवल्या असत्या.

वेंधळी
कल्पना चांगली आहे पण ती तुमची आहे. तिने जे केलं त्यावर बोला ना! मला त्या चार पडद्यांत वाळत घातलेल्या कापडांचे रंग जसे दिसले तसे पुलावरून कधीच दिसले नव्हते. मी पण मुंबईचीच.

दादरकर
चालू द्या. या जन्मात आपलं एकमत होत नाही.

चिंगी
अवांतर: २००३ मध्ये तिने नाव एका शब्दात लिहायला सुरुवात केली. आडनाव, लग्न, लिंग काही कळू नये म्हणून. इथे सगळे तसेच आहोत की. :)

हाडाचा_शिक्षक
बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतोय. या चर्चेमुळे नववीच्या वर्गाला यमुनेचा तो व्हिडिओ दाखवला. अर्ध्या मुलांनी जांभया दिल्या, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. एकाने विचारलं, 'सर, ती वळून बघेल का?' शेवटपर्यंत वाट बघत होता बिचारा. आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, 'कॅमेरा कोणी धरलाय?'

कॅमेरा एका जागी पक्का बसवलेला आहे, हे मी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. म्हणे, बसवला तरी चालू कोणीतरी केलाच असेल, तो माणूस काय बघत होता?

दादरकर
त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. दोन महिने मी हेच इतकं लांबलचक लिहीत होतो.

कापूसकोंड्या
मूळ प्रश्नाकडे येतो. 'चाळीस वर्षं एकच काम' हे माझं मत तसंच आहे. फक्त ते काम उभं राहण्याचं आहे असं आता म्हणणार नाही, गाठोडं बांधण्याचं म्हणेन. आधी कपड्यांचं, मग इमारतीचं. लाटकर, अयंग किमचा धागा कधी काढताय?

लाटकर
डिलिव्हरी आली, दार उघडून येतो.